काळजाची वाटणी

बापूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात वडापाव होता. शिरवळला आमच्या कंपनीच्या गेटसमोर एक गाडी लागते, तिच्यापाशी मी रस्त्याकडं पाठ करून उभा होतो, म्हणजे ओळखीचं कुणी बघू नये. मोबाइलवर संजूचं नाव दिसलं आणि मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर वडापाव पाठीमागं लपवला. संजू माझा धाकटा भाऊ. तो सांगलीत, मी शिरवळात. त्याला फोनातून काय दिसणार होतं? पण आम्हा दोघा भावांच्या ताटावर मामाची इतकी वर्षं नजर होती, की तेल दिसलं की हात आपोआप मागं जातो. "दादा, मामा गेला," संजू म्हणाला. "दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही." मी तोंडातला घास कसाबसा गिळला. त्यानं विचारलं, "काय खातोयस?" मी म्हटलं, "काही नाही." त्या वडापावचं पुढं काय झालं, टाकला की खाल्ला, मला खरंच आठवत नाही. खाल्ला असेल तर मामानं माफ करावं.

त्याला आता काही आठवडे झाले. बापूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्यांचं घर जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या हद्दीला लागून, जिथं माणूस मराठीत भांडायला सुरुवात करतो आणि कन्नडात संपवतो. घरी मेंढरं. त्या घरातला एक पोरगा शिकून डॉक्टर झाला म्हटल्यावर पंचक्रोशीला आनंद झाला. मामा पहिल्यांदा गावी आला तेव्हा लोक गुडघे, पाठी, तापलेली पोरं घेऊन दारात बसून होते. तेव्हा कळलं, की आपला डॉक्टर औषध देत नाही. तो सांगलीकडच्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवतो. म्हणजे काय, ते आजीनं लोकांना एका वाक्यात समजावलं, "मेलेल्या मानसावर शिकिवतोय." झालं, त्या दिवसापासून मामाचं नाव पडलं 'मड्याचा डॉक्टर'. मामाला त्याचा राग नव्हता. कुणी खोकत खोकत आलाच, तर मामा अदबीनं सांगायचा, "माझ्याकडं यायची तुमची अजून येळ झाली न्हाई, आवं. दुसऱ्याकडं जावा."

त्याचं लग्न झालं नाही. आईचं म्हणणं, त्याला तोच जबाबदार. एका मुलीला बघायला गेले असताना, 'काय विचारायचं ते विचारा' असं म्हटल्यावर मामानं काही विचारलं नाही, उलट कौतुक केलं. म्हणाला, तुमच्या मानेखालची हाडं अगदी पुस्तकातल्यासारखी आहेत. मुलगी आत गेली ती बाहेर आली नाही. मग मामा अर्धा आमच्या घरचा झाला आणि अर्धा जतच्या थोरल्या भावाच्या घरचा. सणाला इकडं, जत्रेला तिकडं, आणि उरलेला सांगलीतल्या दोन खोल्यांत.

संजू मिलिटरीत होता. हवालदार होऊन रिटायर झाला, सांगलीत बिऱ्हाड केलं आणि वर्ष-दोन वर्षांत पिवळा पडायला लागला. पाय सुजले, पोटात पाणी धरलं. साताऱ्याकडच्या औंधाजवळच्या आमच्या गावानं लगेच निकाल दिला... मिलिटरीवाला, कॅन्टीनची बाटली, दुसरं काय? खरी गोष्ट अशी, की संजूनं आयुष्यात थेंब घेतला नाही. त्याच्या वाट्याच्या बाटल्यांवर निम्म्या गावाच्या पार्ट्या झाल्या. ते पिणारे सगळे आजही धडधाकट आहेत, आणि निकाल देण्यात तेच पुढं होते. संजूला कधीतरी होऊन गेलेली कावीळ आत गुपचूप बसून राहिली होती, इतकंच. आई त्याला आधी कावीळ उतरवणाऱ्याकडं घेऊन गेली. मग मामा आला. त्यानं संजूचे डोळे बघितले, उजव्या बरगडीखाली बोटं दाबून बघितली आणि हात धुवायला उठला. एकही विनोद केला नाही. मला कळायचं ते तेव्हाच कळलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, यकृत बदलावं लागेल. घरातल्या कुणाचा तरी एक भाग काढून बसवता येईल, पण फार थांबता येणार नाही. संजूच्या बायकोचा रक्तगट जुळेना. आई वयामुळं बाद. मामा स्वतःहून पुढं झाला, तर डॉक्टरांनी त्याचं वय विचारलं, मामा म्हणाला, "राहू द्या, माझं आता बरणीत ठेवण्याजोगं झालंय." राहिलो मी. डॉक्टरांनी मला विचारलं, लिव्हर कुठं असतं माहीत आहे ना? मी बी.कॉम. झालेला माणूस, छाती पुढं काढून डाव्या बाजूला हात ठेवला. शेजारून मामा हळूच म्हणाला, "दत्त्या, तिथं तुझं पेन हाय." त्याहून मोठी फजिती तपासणीत झाली. माझ्या यकृतात इतकी चरबी निघाली, की डॉक्टरांनी या अवस्थेत ते घ्यायला नकार दिला. भावासाठी जीव द्यायला निघालेला माणूस भज्यांमुळं नापास झाल्याचं आमच्या घराण्यातलं हे पहिलंच उदाहरण.

मग मामा माझ्या मागं लागला. रोज सकाळी फोन. "आज किती चाललास? खोटं बोलू नगं, श्वासावरनं कळतंय." सुट्टीच्या दिवशी तो सांगलीहून एसटीनं औंधला यायचा आणि मला यमाईच्या डोंगरावर चढवायचा, स्वतः सत्तरी ओलांडलेला असून माझ्या पुढं. मी पायरीवर बसकण मारली की तिथंच शिकवणी सुरू. यकृताच्या पेशींत तेल साठतं, जुन्या गाडग्याला आतून चिकटून बसतं तसं. ते काढायला ऑपरेशन नाही, त्याला पाय आहेत, असं तो सांगायचा. येणारे-जाणारे भाविक आमच्याकडं बघायचे. एका बाईंनी तर मला नवस काय बोललास म्हणून विचारलं. मी म्हटलं, भजी सोडलीत. त्या म्हणाल्या, देवी पावंल. आणि पावली. पुढच्या तपासणीत माझं यकृत पास झालं. शाळेनंतर मी मनापासून अभ्यास करून पास झालेली ती एकमेव परीक्षा.

पण आईला आम्ही नीट सांगितलंच नव्हतं. 'दादा संजूला काहीतरी देणार आहे' एवढंच तिच्या कानावर होतं, आणि ती ते रक्त समजून चालली होती. कुणा नातेवाइकानं येऊन तिला सांगितलं, थोरल्याचं काळीज कापून धाकट्याला लावणार आहेत म्हणून. आई चुलीपुढून उठली ती भिंतीला टेकून बसली. जेवली नाही, कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला एवढंच म्हणाली, "दोन पोरं हायत मला. एक चाललंय, म्हनून दुसरं बी द्यायचं व्हय?" मी समजावायला गेलो तर कानावर पदर घेतला. तिकडं संजूचं पोट दर आठवड्याला फुगत होतं, आणि त्यानंही हट्ट धरला, की आईनं हो म्हटल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही. मिलिटरीत एवढी वर्षं हुकूम पाळलेला माणूस, त्याला शेवटी आईचाच हुकूम हवा होता. मी मामाला फोन केला.

सकाळच्या एसटीनं मामा आला. आई परातीत ज्वारीचं पीठ मळत होती. मामा तिच्यासमोर पाटावर बसला, घसा खाकरला, आणि घाबरल्यामुळं म्हणा की सवयीनं, वर्गातल्यासारखा सुरू झाला. "यकृत ही मानवी शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी..." आईचा हात थांबला. "गाठ? संजूच्या पोटात गाठ बी हाय?" मामा गडबडला. गाठ नव्हे अक्का, ग्रंथी. ग्रंथी म्हणजे जिच्यातून रस पाझरतो ती... जितकं सांगावं तितकी ती गाठ घट्ट होत गेली. मी दारात उभा होतो. आयुष्यभर पोरांना शिकवलेल्या माणसाला घाम फुटलेला मी पहिल्यांदा बघितला. मग त्यानं कोट काढून ठेवला, मांडी बदलली आणि जतच्या भाषेत आला.

"अक्का, जत्रंला बकरं पडलं की पहिल्यांदा काय भाजून देतीस आमाला?"

"काळीज."

"काळं, मऊ, पानागत पसारलेलं. त्येच यकृत. मानसाचं बी त्येच, उजव्या बरगडीखाली. छातीत धडधडतंय ते येगळं, मुठीएवढं. त्याला आमी हृदय म्हनतो. दत्त्याच्या हृदयाला कोन हात लावनार न्हाई."

आईनं परातीच्या कडेला बोटं निपटली. "मग इतकी वरसं काळजात धस्स झालं म्हनतोय, ते?"

"धस्स झालेलं खरंच हाय, अक्का. पत्ता तेवढा चुकलाय."

आई हसली नाही, पण तिच्या खांद्यांतला ताठा गेला. तिनं विचारलं, कापणार कुठून? आणि मामानं परातीतला पिठाचा मोठा गोळा उचलला. उपड्या घातलेल्या झाकणीवर त्यानं त्याचं यकृत केलं, उजवीकडं जाड, डावीकडं निमुळतं. खालच्या अंगाला एक हिरवी मिरची दाबून बसवली, हे पित्ताशय. मागच्या बाजूनं उलथन्याचा दांडा टेकवला, ही रक्त वर हृदयाकडं नेणारी मोठी शीर. मग डावीकडं नखानं एक रेघ ओढली. वरून बघितलं की हीच रेघ दिसते, तो सांगू लागला. जुने लोक हिलाच हद्द धरायचे, हिच्या इकडचा डावा भाग आणि तिकडचा उजवा. डावा चिमूटभर, उजवा ढीगभर. नुसता बांध बघून वाटणी केल्यासारखं ते झालं. पण पुढं लोकांनी आतलं पाणी कसं फिरतं ते बघितलं आणि कळलं, तो बांध फसवा आहे. खरी हद्द मिरचीपासून निघते आणि मागं उलथन्यापर्यंत जाते. त्यानं दुसरी रेघ ओढली. ही वरून दिसत नाही. पण हिच्या अलीकडचं पाणी अलीकडं फिरतं आणि पलीकडचं पलीकडं.

आईनं आयुष्यभर विहिरीच्या पाण्यावर दारं धरलीत. एका वाफ्यात पाणी भरलं की माती ओढून ते दार बंद करायचं आणि पुढचं मोडायचं, गुडघाभर चिखलात. पाणी म्हटल्याबरोबर ती पुढं सरकली. आत आलेलं पाणी बाहेर कुठून जातं, तिनं विचारलं, आणि मामाचा चेहरा खुलला. नखानं त्यानं त्या गोळ्याचे आठ वाफे पाडले. प्रत्येक वाफ्याच्या मधोमध त्याचा स्वतःचा पाट येतो. त्या पाटानं आतड्यांतलं अन्न घेऊन आलेलं रक्त येतं, हृदयाकडचं ताजं रक्तही येतं, आणि त्यांच्याच सोबतीनं पित्त उलट्या दिशेनं बाहेर पडतं. वापरून झालेलं रक्त मात्र वाफ्यांच्या मधल्या चरांतून मागच्या मोठ्या शिरेला जाऊन मिळतं. म्हणून बांधाबांधानं कापत गेलं तर कुणाचा पाट तुटत नाही. चर तेवढे जपावे लागतात. पाठीमागं राहिलेल्या छोट्या तुकड्यावर त्यानं अंगठा ठेवला. हा पहिला नंबर. डावीकडचंही पाणी घेतो, उजवीकडचंही घेतो आणि आपलं आपण परस्पर मोठ्या शिरेत सोडतो, कुणाच्या चरात नाही.

"दोनीकडचं खातंय आन कुनाच्यातच न्हाई," आई म्हणाली. "तुझ्यागतच हाय की रं."

मामा इतका हसला की मिरची गळून पडली. ते पित्ताशय परत जागेवर बसवून त्यानं गोळा त्या न दिसणाऱ्या रेघेवर तोडला आणि दोन्ही तुकडे आईसमोर ठेवले. आईचं हसू गेलं. तिनं त्या तुकड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. अर्ध्यावर माणूस कसं जगेल, तिनं विचारलं. मामा म्हणाला, वाढतं. फांदी तोडली तर ती फांदी परत फुटते, तसं नव्हे. गेलेला भाग जातोच, पण उरलेला भरत जातो, काही महिन्यांत जवळजवळ पहिल्याएवढा होतो. दोघांचंही? दोघांचंही.

"खरं सांग. मास्तर म्हनून नगं, भाऊ म्हनून सांग."

मामानं पिठाचे हात गुडघ्यांवर ठेवले. "धोका हाय, अक्का. दत्त्याला कमी हाय, संजूला जास्त हाय. आन न्हाई केलं, तर संजूच न्हाई."

चुलीवरचा तवा तापून धूर सोडायला लागला होता. कुणी उठलं नाही... आईनं विचारलं, "मोटा वाटा कुनाचा?"

"उजवा. संजूचा."

आमच्याकडं जमिनीच्या वाटणीचा रिवाज आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं पहिला उचलायचा, म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही. आईनं दोन्ही तुकडे परत परातीत घेतले, पाण्याचा हात लावून एक केले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "थोरल्यानं वाटं पाडल्यात न्हवं? मग उचलू दे धाकट्याला." आणि भाकरी थापायला लागली. मिरची ठेच्यात गेली. त्या दिवशी आम्ही यकृताच्या भाकरी खाल्ल्या, आणि सगळ्यात जास्त मामानं खाल्ल्या.

ऑपरेशनच्या दिवसाचं मला काय आठवणार, मी तर झोपलो होतो. हे माझ्या बायकोनं सांगितलेलं. आई बाकावर शांत बसली होती आणि मामा पिंजऱ्यातल्यासारखा कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होता. जिवंत माणसाच्या पोटात काय चाललंय, याची त्याला आयुष्यात पहिल्यांदाच काळजी करायची होती. शेवटी आईनं त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. एवढी मडी फाडलीस आणि जित्याची भीती वाटते होय, म्हणून विचारलं. मामा म्हणाला, "लय." मग दोघं तसेच बसून राहिले, ती त्याचा हात धरून, दोन्ही ऑपरेशनं नीट झाल्याचं कळेपर्यंत. मी शुद्धीवर आलो तेव्हा पोटावर नांगर फिरवल्यासारखं दुखत होतं आणि समोर मामा उभा होता. म्हणाला, "दत्त्या, निम्म्याहून जास्त गेलं. आता तरी तेलकट खाऊ नगं, जागा न्हाई." काही दिवसांनी संजूच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरला, आणि आईनं त्याची पापणी खाली ओढून स्वतः खात्री करून घेतली.

पुढच्या तपासणीला मामा सोबत आला. स्कॅनचा फोटो उजेडाकडं धरून, बारशाला आलेल्या माणसानं बाळाकडं बघावं तसा तो बघत राहिला. "चौथा वाफा काय भरलाय रं गड्या तुझा," म्हणाला. माझ्या देहाच्या कुठल्याही भागाचं इतकं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही, बायकोनं तर नाहीच. तेव्हापासून मी माझ्या यकृताशी जरा आदरानं वागतो. वडापावचा दिवस सोडून.

आपला देह कॉलेजला द्यायचा, हे मामानं फार आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तरी तो गेल्यावर जतहून भावकी आली आणि कुजबुज सुरू झाली. अग्नी नाही, राख नाही, मग माणूस गेला तो गेला कुठं? लोक काय म्हणतील? पोरं हातात सुऱ्या घेऊन... शेवटी सगळे आईकडं बघायला लागले, कारण भावंडांत तीच सगळ्यांत थोरली. आई मामाच्या उशाशी बसली होती. ती म्हणाली, माझी दोन पोरं याच्या शब्दावर मी सुरीखाली दिली, ती दोन्ही परत आली. त्यानं स्वतःसाठी एवढं एकच मागितलंय. संजू तिच्या मागं भिंतीसारखा उभा होता, चांगला लालबुंद. त्याच्याकडं बघून पुढं कुणी बोललं नाही.

कॉलेजात आई आमच्याबरोबर आत आली. मी नको म्हणत होतो, तिनं ऐकलं नाही. मोठा हॉल, उंच खिडक्या, ओळीनं टेबलं, आणि भिंतीशी पहिल्या वर्षाची मुलं-मुली पांढरे एप्रन घालून उभी. सगळ्यांनी हात जोडले होते. तिथल्या मॅडम मामाच्याच हाताखाली शिकलेल्या. आईनं त्यांना विचारलं, ही पोरं आता काय करणार? मॅडमनी सांगितलं, लगेच नाही, काही महिन्यांनी; सर वर्षभर यांच्यासोबत असतील, एकेक अवयव ही मुलं समजून घेतील. काळीजबी? हो, काळीजपण. आईनं मान डोलावली. मग ती मुलांच्या ओळीकडं गेली आणि सगळ्यात कडेला, सगळ्यात घाबरलेली जी मुलगी उभी होती तिच्यासमोर थांबली.

"बाय, उजव्या बरगडीखाली हात लावशील तवा जरा हळू लाव," आई म्हणाली. "तितं त्याला ल्हानपनापासनं लय गुदगुल्या व्हत्यात."

मुलगी "हो, आजी" म्हणाली. मग तिनं जोडलेले हात सोडले आणि थंडीत ऊब आणायला आपण चोळतो तसे तळवे एकमेकांवर चोळले.